त्याच दिवशी, त्याच आडात

लोकांच्या आडांचं पाणी तळाला गेलं की आमच्या घरात चूल दोन्ही वेळा पेटते. ऐकायला वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे. पोहरा पाण्याऐवजी चिखल घेऊन वर यायला लागला की माणसांना आमचं दार आठवतं. एरवी आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसतो. त्या वर्षी ऊन लवकर आलं आणि हटायचं नाव घेईना. झाडांची पानं नुसता हात लावला तरी चुरा होऊन पडत होती. गावभर माणसं हवालदिल, आणि आमचे आबा बाजेवर बसून दोराला तेल चोळताना चक्क गुणगुणत होते.

आमचं काम गाळ काढायचं. मोठ्या विहिरीत कुणीही उतरतं, आमची ख्याती आडांची. आडाच्या तोंडात माणूस सहज मावतो. खाली गेलं की दगडी बांधकाम आवळत जातं, आणि अगदी तळाशी, जिथं झरा असतो, तिथं मोठ्या माणसाचे खांदे अडकतात. तिथं पोरच लागतं. मी हे सरळ सांगते आहे, कारण आमच्याकडे हे कुणी सरळ सांगत नसे. लोक म्हणायचे, "येताना बारकीला घेऊन या बरं का." जसं काही हळदीकुंकवालाच बोलावताहेत.

बारकी माझ्या दादाची मुलगी. दहावं लागलेलं, पण अंगानं काडी. मी तिची आत्या, नवऱ्याचं घर सोडून आले ती इथंच राहिले. कामाची वाटणी ठरलेली होती. आडाच्या तोंडावर तीन वाशांचं तिकाटणं, त्याला कप्पी, कप्पीवरून दोर. दोरावर दादा. काठावर आबा, हुकूम सोडायला. गाळाची घमेली वाहायला वहिनी आणि मी. आणि खाली बारकी, हातात आखूड दांड्याचं खोरं घेऊन.

दादा कधीच खाली उतरत नसे. त्याचा डावा खांदा धरतो, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. त्याच खांद्यानं तो दिवसभर दोर ओढायचा आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे.

आबांचा एक नेम होता. आडानं घाबरवलं तर त्याच दिवशी, त्याच आडात परत उतरायचं, सूर्य बुडायच्या आत. भीतीला एक रात्र घरात मुक्काम मिळाला की ती कायमची राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बापानं त्यांना असं उतरवलं होतं, त्यांनी दादाला उतरवलं. पोरांचं मन घट्ट करायचा एवढा एकच उपाय आमच्या घराण्याला ठाऊक होता. पोर कुत्र्याला घाबरलं, तर त्याला कुत्र्यासमोर नेऊन उभं करा. विजेला घाबरलं, तर अंगणात काढा. लहानपणी मीही उतरत होते, आणि मला कधी भीती वाटली नाही. त्यात माझी मर्दुमकी काही नव्हती, कुणाला तिखट सोसतं, कुणाला नाही, तसंच ते. पण आबा माझं उदाहरण दादाच्या तोंडावर फेकायचे. तो मान खाली घालून जेवायचा.

गिरणीवाल्याचा आड त्याच्या घरामागच्या अंगणात होता. अंगणात नवीन फरशी. पहिल्याच दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "फरशीवरून जायचं नाही. चिखल बसला की निघत नाही." गाळ टाकायचा खड्डा फरशीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. आम्ही डोक्यावर घमेलं घेऊन अख्ख्या गिरणीला वळसा घालायचो. गाळाचं पाणी कानामागून पाठीत उतरायचं आणि उन्हानं तिथंच वाळायचं. संध्याकाळी मान वळवली की कातडी तडकल्यासारखी वाटायची. फरशी मात्र लख्ख राहिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते घडलं. बारकीला जेवायला वर घेत होतो. ती दोराच्या फेऱ्यात बसली, दादानं ओढायला सुरुवात केली, आणि ती अर्ध्यावर आली असेल नसेल तोच दोर कप्पीच्या खाचेतून उडाला. ती धाडकन खाली गेली. दादानं दोर सोडला नाही, त्याच्या तळव्यांतून तो सरसरत गेला आणि त्यानं तो पुन्हा आवळला. पण तोवर दोर चाक आणि पट्टीच्या मध्ये असा रुतला की वरही येईना, खालीही जाईना. बारकी त्या आवळलेल्या भागात लटकून राहिली, चारी बाजूंनी दगड.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, ओढा! ओढा ना!"

दादा दात आवळून उभा. तोंडातून शब्द फुटेना. आबा पहार घेऊन कप्पीशी झुंजत होते. वहिनी काठावर पालथी पडून खाली ओरडत होती, "आहोत गं आम्ही, आहोत!" खालून हाका येत राहिल्या, मग बारीक झाल्या, मग थांबल्या.

गिरणीवाला गडबड ऐकून बाहेर आला. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पाणी खराब नाही ना होणार?"

मी त्याच्याकडे पाहिलं. हातात घमेलं होतं. ते त्याच्या डोक्यात घातलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी कप्पी मोकळी झाली. बारकी वर आली ती मातीच्या गोळ्यासारखी. कोपरं सोललेली, डोळे सताड उघडे. फ्रॉक ओला होता, पण चिखलामुळे बाकी कुणाला कळलं नाही. वहिनीला आणि मला कळलं. ती रडत नव्हती. बोलतही नव्हती.

"शाब्बास," आबा म्हणाले. "रडली नाही." मग त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं.

वहिनीनं तिला भिंतीच्या सावलीत नेऊन अंगावर पाणी घातलं. तिकडे आबांनी कप्पी उतरवली, पुसली, तेल घातलं, पुन्हा चढवली आणि दोराला स्वतः लोंबकळून पाहिलं. जीव लावून केलं सगळं, हेही सांगितलं पाहिजे. मग हात झटकत म्हणाले, "चल बारके. बस."

वहिनीला आधी कळलंच नाही. "काय बस?"

"उतरायचंय तिला. नुसतं टेकून वर यायचं. काम नको करू दे."

"आबा, पोर थरथरतंय."

"म्हणूनच. आज उतरली नाही तर जन्मात उतरणार नाही."

"नाही उतरली तर नाही उतरली. जन्म काय आडात काढायचाय तिला?"

"सूनबाई, तुला यातलं कळत नाही. तू मध्ये पडू नकोस. हा आमच्या घरचा नेम आहे." आबांनी दादाकडे हात केला. "याला उतरवला होता मी. हिच्याहून लहान होता. लाथा मारत होता, चावला मला. तरी उतरवला. काय झालं याला? आहे ना धडधाकट उभा?"

वहिनी हळूच उठली. सासऱ्यासमोर ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती. तेव्हाही तिनं आवाज चढवला नाही, पण दात घट्ट आवळून बोलली.

"धडधाकट? त्या दिवसानंतर एकदा तरी आडात उतरलेत का हे? एकदा? वन्सं, तुम्ही याच घरात वाढलात. पाहिलंयत कधी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा सोडून. तो आपल्या हातांकडे बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

सगळ्या गावाला सांगितलेला खांदा आमच्या देखत खोटा पडला. दादा वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याची दया आली आणि त्याच दमात राग आला. आबांचा तर आलाच.

वहिनीनं दहा वर्षांच्या पोरीला कडेवर उचललं आणि ती सरळ फरशीवरून निघाली. चिखलाचे पाय फटाफटा उमटत गेले. गिरणीवाला ओरडत राहिला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीला कपडे घालताना एक नवंच निघालं. फ्रॉक डोक्यावरून खाली घ्यायला गेलो, तर गळ्याच्या भोकात तोंड अडकल्याबरोबर तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारची माणसं धावली. हात, पाय, डोकं, सगळं झाडत होती. वहिनीनं फ्रॉक ओढून काढला. क्षणभर तिनं तो हातात धरला, मग कात्री आणली आणि गळ्यापासून खालपर्यंत समोरून चिरला. तिथंच बसून नाड्या शिवल्या. झब्ल्यासारखा तो समोरून घालायचा, समोर बांधायचा. दुसराही फ्रॉक तसाच कापला. बारकी शेजारी बसून कात्रीकडे बघत होती.

"झालं," आबा म्हणाले. "आता दारंही रुंद करून घ्या तिच्यासाठी. असे लाड करा, म्हणजे लोण्याचा गोळा होईल पोर."

वहिनी दोरा तोडत म्हणाली, "होऊ दे."

बारकी मोरीचं दार लावू देईना. दार उघडं ठेवून आंघोळ. घास घशाखाली जाताना थांबायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं. एकदा दारात आबांचे दोन सोबती बसले होते, वहिनी गोधडी वाळत घालत होती, आणि आबांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "कुणी भिजवलं गं अंथरूण? एवढी घोडी झाली तरी?"

बारकी माझ्यामागे होती. तिनं माझं लुगडं मुठीत घट्ट धरलं.

वहिनी म्हणाली, "मी भिजवलं. धुतलंही मीच. आणखी काही विचारायचंय?"

सोबती चहा टाकून उठले. आबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. बारकीनं लुगडं सोडलं नाही, पण तिची मूठ सैल झाली.

कामाचं मात्र अडलं होतं. गिरणीवाल्याचा आड अर्धवट. दादाचे दोन्ही तळवे दोरानं सोलून निघाले होते, फडकी बांधून तो घरी. दोरावर मी आणि आबा. बारकीच्या जागी वहिनी उतरली. आवळलेल्या भागाशी ती अडकायची, एक हात वर, एक हात खाली करून तिरकी व्हायची, श्वास सोडून आणखी थोडी सरकायची. वर आली की दोन्ही खांद्यांची सालं गेलेली. तळाचा गाळ तिच्या खोऱ्याला वीतभर कमीच पडायचा. झरा मोकळा होईना.

गिरणीवाला रोज येऊन तेच विचारायचा. "ती पोरगी कुठं गेली? ती पटकन करते."

"बरी नाही," मी सांगायची.

"काय झालंय? साधी घाबरली ना? पोरं काय, दोन दिवसांत विसरतात."

एका दुपारी त्याचा मुलगा पायरीवरून घसरला. बारकीच्याच वयाचा असेल. गुडघ्याला जरासं खरचटलं. तो भोकाड पसरून रडला, आणि काय सांगू, अख्खं घर बाहेर. कुणी हळद आणली, कुणी साखर, कुणी पायरीला चापट मारून तिला दोष दिला. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली आणि पोराला मांडीवर घेऊन बसला. "भ्यायलास ना राजा? भ्यायलास ना?" असं विचारत त्याच्या केसांतून हात फिरवत होता. चुकीचं काहीच करत नव्हता तो. पोर पडलं तर असंच करायचं असतं. एवढं सगळं येत होतं त्याला, याचाच मला संताप आला. म्हणजे पोर घाबरतं हे त्याला ठाऊक होतं. फक्त ते आपलं असलं तर.

मी पहार आणायला घरी आले तेव्हा अंगणात बापलेक बसले होते. दोघं पाठमोरी. मी दाराशी थांबले.

बारकी विचारत होती, "बाबा, खांदा खरंच दुखतो का तुमचा?"

दादानं फडक्याची सुटलेली टोकं आत खोचली. मग म्हणाला, "नाही."

"मग?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"आडाची. आणि कशाची."

"अजून?"

"अजून. दोर हातात घेतला तरी वाटते. तू खाली असलीस की जास्त."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? दोर धरून ठेवतो."

तिनं फ्रॉकच्या नाडीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही सोडलात. त्या दिवशी. मी हाका मारल्या, तुम्ही बोललाच नाहीत."

दादानं फडक्याची गाठ दातानं सोडली. दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. लाल, ओले, बोटांच्या मुळापर्यंत कातडी नव्हती. "तोंडातून आवाजच निघेना गं. पण सोडला नव्हता. बघ."

तिनं वाकून पाहिलं. हात लावला नाही. आणि मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली, तोंड उघडं टाकून, नाकातोंडाचं पाणी एक करून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दादा तिला "रडू नको" म्हणाला नाही. आमच्या घरात हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. तो नुसता शेजारी बसून राहिला, हात तसेच उघडे धरून.

मी पहार न घेताच परत फिरले. वाटेत मला दादाचा असा राग आला की पाय आपटत चालले. हेच चार शब्द त्याला आधी बोलता आले असते, तर पोर आडात गेलंच नसतं. बापाला घाबरून गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याची किंमत पोरीनं भरली. चांगला माणूस म्हणतात त्याला सगळे. असेल.

मग गिरणीवाल्यानं निर्वाणीचं सांगितलं. उद्या काम पुरं झालं नाही तर तो दुसऱ्या टोळीला बोलावणार. आणि एकदा का दुसरी टोळी आमच्या आडावर आली की गावात बोभाटा होतो, पुढचे सगळे आड त्यांच्याकडे जातात. आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

सकाळी वहिनी नदीच्या डबक्यावर धुणं घेऊन गेली. मी आधीच कामावर आले होते, दादाही फडकी बांधून आला होता. मी गिरणीमागं कालचा उरलेला गाळ टाकून वळले, आणि पाहते तर आबा बारकीचा हात धरून अंगणात. "नुसतं बघायला चल," असं सांगून आणलं होतं तिला. मी येईपर्यंत त्यांनी तिच्या कमरेला दोर बांधला होता. त्यांची गाठ सुटता सुटत नाही, सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली.

"आबा, काय करताय?" मी घमेलं टाकून धावले.

"तू लांब हो." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "हिच्या भल्यासाठीच करतोय. अशीच राहिली तर पुढं काय करणार ही? जग काय हिच्यासाठी फ्रॉक फाडून देणार आहे? मलाही उतरवलं होतं, मी काय मेलो?" मग दादाला म्हणाले, "दोर धर."

दादानं दोर धरला. सवयच ती. गिरणीवाला दारात उभा होता, त्याच्या मागे त्याचा मुलगा, गुडघ्याला पट्टी.

बारकी काठापासून दोन पावलांवर उभी. पाय काठीसारखे ताठ. तिच्या पायांशी जमिनीवर ओल पसरली. त्या मुलानं ते पाहिलं आणि तो हसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, खाली ओलीकडे पाहिलं, मग आबांकडे.

"नाही," ती म्हणाली.

"उतर म्हणतो ना."

"नाही! मला भीती वाटते. मी नाही उतरणार. तुम्ही बांधलंत तरी नाही उतरणार. मी ओरडेन, चावेन, पण नाही उतरणार!" ती रडत होती आणि ओरडत होती, दोन्ही एकदम, आणि मान वर होती. आमच्या घरात आडाच्या तोंडाशी उभं राहून "नाही" म्हणणारं पहिलं माणूस ते.

आबांनी हात उगारला. तो खाली यायच्या आत दादा दोर टाकून मध्ये आला होता. तो बारकीपुढे गुडघ्यांवर बसला आणि गाठ सोडायला लागला. बोटांना फडकी, गाठ हलेना. त्यानं तोंड लावलं, दातानं ओढायला लागला. सगळे बघत होते. आबा वरून म्हणाले, "बाप आहेस का बाई आहेस?"

गाठ सुटली. दादानं तोंडातला काथ्या थुंकला. "मला अजून भीती वाटते, आबा," तो म्हणाला. "तुम्ही उतरवलंत त्यानं गेली नाही. मुकी झाली फक्त."

उगारलेला हात खाली कसा न्यायचा ते आबांना कळेना. शेवटी तिकाटण्याचा वासा धरून ते खाली बसले. म्हातारे दिसले मला एकदम. दया यायला हवी होती. थोडी आली.

"अरे पण माझ्या आडाचं काय?" गिरणीवाला म्हणाला. "कोण उतरणार?"

दादानं बारकीला उचललं. जन्मात ज्यानं कुणाला उलट उत्तर दिलं नाही, तो माझा भाऊ वळून म्हणाला, "तुमच्या मागे आहे की उभा एक. त्याच मापाचा आहे."

गिरणीवाल्यानं झटकन पोराला मागं ओढलं. मग त्यानं तोंडाचा पट्टा सोडला तो विचारू नका. आम्ही कोण, आमची लायकी काय, पुन्हा गावात कुठल्या आडावर दिसलो तर काय करेल, सगळं ऐकवलं. आम्ही फरशीवरून निघालो.

वहिनीला मी सगळं सांगितलं तेव्हा ती आधी आबांवर कडाडली, मग दोर धरला म्हणून दादावर, मग मी गाळ टाकायला एवढा वेळ का लावला म्हणून माझ्यावर. आम्ही तिघांनीही ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं. हंगाम गेला. बोलावणी आली होती ती आपोआप मागे फिरली. वहिनी आणि मी खडी फोडायला जायला लागलो. आबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बारकी अजूनही मोरीचं दार उघडंच ठेवायची. अंथरूण कधी भिजायचं, कधी नाही. पण बोलायला लागली होती, आणि मनासारखं झालं नाही की भांडायलाही.

आमचं तिकाटणं आणि कप्पी तिथंच राहिली होती. ती आणायला दादा आणि मी गेलो. बारकी त्याच्यामागे आली. ती हल्ली त्याची पाठ सोडत नसे.

दुसरी टोळी कामाला लागली होती. आमचं तिकाटणं उपटून भिंतीला लावलेलं, त्यांचं आडावर. दोरावर त्यांचा मुकादम. आम्ही वासे सोडून मोळी बांधत होतो, तेवढ्यात आडातून आवाज आला. पोराचा. शब्द कळत नव्हते. मुकादम खाली तोंड करून ओरडला, "अरे भर की घमेलं! रडतोस काय मुलीसारखा?"

दादाचे हात मोळीवर थांबले. त्याच जागी, त्याच दगडांत, कुणाचं तरी पोर. आम्ही नाही तर दुसरे, एवढाच काय तो फरक पडला होता आमच्या सगळ्या रणकंदनानं. मला फरशीवर डोकं आपटावंसं वाटलं.

बारकी कधी उठली ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती आडाच्या काठावर पालथी पडली होती, दोन्ही हातांनी दगड धरून. फ्रॉकच्या नाड्यांची टोकं थरथरत होती. मी ओरडणार होते, दादानं मला हातानं थांबवलं.

"ए," तिनं आत हाक मारली. "ऐकू येतं का?"

खालचं रडणं थांबलं.

"मी पण इथंच अडकले होते. भीती वाटते का तुला?"

"ए पोरी, ऊठ तिथून," मुकादम म्हणाला. "त्याला नसती थेरं शिकवू नकोस."

ती उठली नाही. "वाटत असेल तर सांग," ती खाली म्हणाली. "सांगितलं तरी चालतं. मला पण वाटते. माझे बाबा आहेत वर, त्यांना पण वाटते. पण ते सोडत नाहीत."

मग खालून एक बारीक आवाज वर आला. "वाटते."

बारकीनं मान वळवली. "बाबा, वाटते म्हणतोय तो."

दादा आडाशी गेला आणि मुकादमाच्या पुढे हात घालून त्यानं दोर धरला. मुकादमानं त्याला ढकललं, शिवी दिली, पुन्हा ढकललं. दादा हलला नाही. त्याचे तळवे अजून पुरते भरले नव्हते. "फेऱ्यात बस," बारकीनं आत सांगितलं.

मीही मागून दोर धरला, आणि आम्ही ओढायला लागलो.